सुटलेली चूण

उविलूने ढिगाऱ्यावरचा दगड उचलला आणि दाणकन परत टाकला. खाली साठवलेलं सीलचं मांस निम्म्याहून जास्त गेलं होतं.

"बघ लेकी, दगड जागच्या जागी! माझा पामिओक मांस खाऊन वर दगड रचतो होय? त्याला पंजे आहेत की हात?"

"मला काय विचारतेस, आई? नातवाला विचार तुझ्या," म्हातारी म्हणाली.

बारा वर्षांच्या उविलूला पणजीचं, म्हणजे म्हातारीच्या आईचं, नाव ठेवलं होतं, आणि नावामागून पणजीची सगळी नातीही तिच्याकडे आली होती. म्हातारी सख्ख्या नातीला 'आई' म्हणे, तुलुगामामा 'आजी'. पण मांस चोरतो म्हणून तिच्या कुत्र्याला, पामिओकला, गोळी घालायचं ठरलं, तेव्हा या आजीला कुणी विचारलं नाही. पामिओकचं नाव मामानेच पहिलं घेतलं होतं. दुपारी तोच बंदूक आणणार होता.

ढिगाच्या आडोशाला बर्फात वाऱ्याने न पुसलेलं एक पाऊल होतं. मोठं, पुरुषाचं. उविलू वाकली. अंगठ्यापाशी बुटाच्या कातडी तळव्याच्या चुण्या उमटल्या होत्या, मधली एक सुटलेली. बूट शिवताना म्हातारी चुण्या दातांनी पाडायची आणि तिचा पुढचा एक दात पडला होता. तिने शिवलेले बूट तिच्याशिवाय वस्तीत दोघांच्याच पायात होते. एक उविलू. दुसरा मामा.

म्हातारीने पाऊल पुसायला पाय पुढे केला, मग मागे घेतला.

"हिवाळाभर एक सील मिळाला नाही त्याला," ती पुटपुटली.

"मग मागायला जीभ झडली होती? मागणाऱ्याला आपल्यात कोण नाही म्हणतं?"

दुपारी मामा आला. मागे चार शेजारी. बांधलेला पामिओक शेपूट हलवत त्याच्याकडेच ओढ घेत होता.

"बाजूला हो, आजी."

उविलूच्या ओठांवर शिवी आली. ती तिने गिळली.

"तुलुगा," नातवाला दटावावं तशी ती म्हणाली, "भूक लागली की आजीच्या दारात यायचं. एवढंही शिकवलं नव्हतं मी?"

"आजी तापली रे!" शेजारी हसले.

मामा हसला नाही. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग त्याने बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली.

"कोल्हा असेल," तो म्हणाला. "चुकलं माझं."

घरात म्हातारीने भांड्यातला सगळ्यात मोठा तुकडा त्याच्यापुढे ठेवला.

"खा," उविलू म्हणाली आणि सुरी त्याच्याकडे सरकवली. पातं मात्र त्याच्या बाजूला होतं.