विहिणींची मेलामेली

जनावरांच्या डॉक्टरबाईंचा फोन दुपारच्या जेवणाआधीच मान टाकायचा. सकाळी पूर्ण भरलेला फोन घेऊन त्या दवाखान्यात यायच्या. एखाद्या कुत्र्याचे कान साफ होईपर्यंत बॅटरी निम्मी, आणि मग बघता बघता पडदा काळा. एकदा तर त्या कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "घाबरू नका, सशाला आता फक्त..." आणि फोन गेला. पलीकडच्या बाई सशाला छातीशी धरून रडत रडत दवाखान्यात हजर. सशाला फक्त पाणी पाजायचं होतं.

रविवारी लेक-जावई आले, तेव्हा जावयानं फोन उघडून पाहिला.

"आई, बॅटरी ठणठणीत आहे. हे मेलचं अ‍ॅप तिला खातंय. सारखं जाऊन विचारतंय, 'आलं का काही? आलं का काही?'"

"अगदी तुमच्या आईंसारखं," डॉक्टरबाईंच्या तोंडून निसटलं. लेकीनं डोळे वटारले.

जावयाची आई गाण्याचे क्लास घ्यायची. लग्नानंतर काही महिन्यांनी ती आपल्या मांजरीला घेऊन दवाखान्यात आली होती. डॉक्टरबाईंनी मांजर वजनकाट्यावर ठेवली, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, ही मांजर आहे की तक्क्या?" विहीणबाईंनी मांजर उचलली आणि तडक घर गाठलं. तेव्हापासून दोघींचा अबोला.

जावयानं विषय बदलला आणि तीन नवी अ‍ॅप दाखवली. पहिल्यात मेल पाठवला की छोटं विमान उडत जायचं. डॉक्टरबाईंना ते फारच आवडलं.

"आई, ते विमान तुमच्या बॅटरीवरच उडतं."

दुसऱ्यानं आल्या आल्या सगळ्यांचे नंबर, घरचा पत्ता आणि जन्मतारीख मागितली. "याला माझे मेल आणायचेत की माझं स्थळ शोधायचंय?" म्हणत डॉक्टरबाईंनीच ते नाकारलं.

तिसरं अगदीच साधं होतं, कचेरीतल्या लोखंडी कपाटासारखं. तेच ठरलं. जावयानं मेल तासातून एकदाच आणायचे, असं त्यात लावून दिलं. फोटो आपोआप उतरणं बंद केलं, पडद्याची पार्श्वभूमी काळी केली आणि जुनं अ‍ॅप काढून टाकलं, नाहीतर दोघं मिळून बॅटरी खाल्ली असती.

"आता उत्तराला उशीर झाला तर लोक काळजी करतील. आपोआप जाणारं एक उत्तर लिहून ठेवू. सांगा."

डॉक्टरबाईंनी सांगितलं, "तुमचा मेल वाचून फार आनंद झाला. लवकरच निवांत बोलू."

"पण वाचलेला नसेल ना?"

"असू दे हो. आनंद आधी झालेला बरा."

जावई आता जोरात होता. संध्याकाळी त्यानं स्वतःच्या आईच्या फोनवरही तेच अ‍ॅप घातलं. तिचं उत्तर होतं, "आठवण काढलीत, बरं वाटलं. तुमच्या उत्तराची वाट पाहते." एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली. असं उत्तर गेलं की ते अ‍ॅप त्याच झटक्यात नवा मेल आलाय का तेही पाहत असे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या कॉम्प्युटरनं नेहमीप्रमाणे डॉक्टरबाईंच्या मेलवरून विहीणबाईंना मांजरीच्या लशीची आठवण पाठवली. विहीणबाईंच्या फोनला बरं वाटलं. ते ऐकून डॉक्टरबाईंच्या फोनला फार आनंद झाला. त्यावर तिकडच्या फोनला पुन्हा बरं वाटलं. इकडे डॉक्टरबाई पोपटाची नखं कापत होत्या. अ‍ॅप्रनच्या खिशात इस्त्री ठेवल्यासारखं वाटलं म्हणून त्यांनी हात घातला, तर फोन चटका बसेल इतका तापून बंद पडलेला.

चार्जरला लावून उघडला, तर शेकडो मेल. सगळे विहीणबाईंचे. प्रत्येकात एकच, वाट पाहते, वाट पाहते. डॉक्टरबाईंना गलबलून आलं.

तेवढ्यात दार उघडलं. टोपलीत मांजर घेऊन विहीणबाई उभ्या होत्या.

"इतक्या वेळा आनंद झाला म्हणालात, मला राहवेना हो."

"चुकलंच माझं, विहीणबाई. तसं बोलायला नको होतं मी."

"जाऊ द्या, ती जाड आहेच."

दोघी गळ्यात गळा घालून मुळुमुळू रडल्या. पोपट अवाक होऊन बघत राहिला.

संध्याकाळी लेक-जावई आले. दोन्ही फोन बघताच जावयाचा चेहरा पडला. अडखळत अडखळत त्यानं सगळा घोळ सांगितला.

"म्हणजे तुम्ही एकही मेल लिहिला नाहीत?" विहीणबाईंनी विचारलं.

"एकही नाही. आणि तुम्ही?"

"मी तर सकाळभर पोरींना 'सा' लावायला शिकवत होते."

मग विहीणबाईंना जे हसू फुटलं, त्यात डॉक्टरबाईही सापडल्या. हसता हसता त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

लस मात्र राहिलीच होती. मांजरीला धरायचं काम जावयाकडे आलं. सुई टोचताच तिनं त्याच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला.

"तुम्हीच नीट धरलं नसणार," सासूबाई म्हणाल्या.

"लहानपणापासून धांदरटच आहे तो," आई म्हणाली.

यावर दोघींचं पूर्ण एकमत झालं आणि त्या चहा प्यायला निघून गेल्या. लेक हसू दाबत पट्टी शोधू लागली.