चोवीस तासांची बरणी

माझं नाव हरिश्चंद्र, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं ऐकून हसायला तुम्ही मोकळे.

माझा थोरला भाऊ दाजी बोटीवर खलाशी होता, मग लंडनलाच राहिला. सहासष्ट साली त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. मी तिकडे जाऊन माझी एक दिली आणि मालवणात परतलो तो दानशूर कर्ण होऊन. बाजारात जो भेटेल त्याला शर्ट वर करून व्रण दाखवायचो.

दोन वर्षांनी तिकडच्या डॉक्टरांचं पत्र आलं: उरलेली किडनी किती काम करते ते मोजून कळवा. आमच्या डॉक्टरांनी काचेची मोठी बरणी दिली. "चोवीस तासांची लघवी. थेंबही बाहेर नको." मग माप घेऊन नमुना आणि माझं रक्त त्यांनी पणजीला धाडलं. आठवड्याने उत्तर आलं. किडनी हवी त्याच्या निम्मीच चालत होती.

बायको मथुरा तुळशीपाशी बसून रडली. दाजीचं पत्र खिशात होतं: 'तुका काय झाला तर माका जगणा नको रे.' त्याला आता काय कळवायचं?

मग आठवलं. बरणी नेताना मथुरेने तीत तांब्याभर पाणी ओतलं होतं. अपुरं भांडं घराबाहेर देऊ नये म्हणे! तिला तरातरा दवाखान्यात नेलं. "हिनेच घोळ घातला!"

"पाण्याने हिशेब बिघडत नाही," डॉक्टर म्हणाले. "किडनीने टाकलेला मळ तेवढाच राहतो. बरणीत पडलंच नाही, असं काही आहे का?"

"छे! शक्यच नाही."

मथुरेने डोळे पुसले. "अवो, सकाळ-संध्याकाळ माडाच्या मुळात उभे रवतास, ता खंय गेला?"

बापजाद्यांची सवय! माडाचं खत वाया घालवायचं नाही. कर्णाने माडालाही दान केलं होतं.

दुसऱ्या खेपेला बरणी घेऊन मथुराच दिवसभर माझ्यामागे फिरली. शेजारी कुंपणाच्या गडग्यावरून बघत होते. या वेळी उत्तर आलं: किडनी उत्तम.

मला वाटलं, आता ही टोमणे मारणार. ती हुंदके देत म्हणाली, "एक दिलात, तेव्हा माका इचारलात नाय. ही दुसरी माजी आसा."

रात्र होण्याआधी दाजीला पत्र टाकलं: 'किडनी बरी आसा. पण ती माजी नाय, मथुरेची.'