निम्मा उभा ऊस

“उद्या उसाला तोडीची टोळी लागणार, ताई. आता तुमीच सांगा, जाऊ का ऱ्हाऊ?”

बारामतीच्या समुपदेशन केंद्रात सारजा खुर्चीच्या कडेवर बसली होती. मानेवरचे वळ तिने पदराखाली झाकले होते.

समुपदेशक पद्माच्या प्रशिक्षणात सुरक्षिततेची व्याख्या मोठी सुबक होती : शेजाऱ्यांना हाक ऐकू जावी, घराला दुसरे दार असावे. सारजाची कोऱ्हाळ्याची वस्ती चहूबाजूंनी उसात बुडालेली. दार एकच, आणि त्या दारात नवरा, विजयसिंह. तो कोयता घेऊन बायकोमागे धावतो, हे गावाला ठाऊक होते. गाव त्याला ‘तापट’ म्हणे. गुन्ह्याला स्वभाव म्हटले की गावाची झोप मोडत नाही.

“ऊस गेला तर बरंच होईल,” पद्मा म्हणाली. “शेजारच्या शकुबाईंच्या वस्तीवर हाक तरी पोचेल.”

“हाक पोचंल, पर लपू कुठं? दोन बारीला उसात शिरले म्हणून जित्ती हाय.”

जो ऊस किंकाळी गिळत होता, तोच जीव राखत होता. निघा म्हणावे तर पाठलाग. थांबा म्हणावे तर उद्यापासून आडोसा नाही.

“वरकुट्याला, भावाकडे?”

“त्यो म्हणतो, संक्रांत हुंदे. सणाच्या तोंडावर सवाष्णीनं घर सोडू न्हाय.”

सवाष्णीने मरावे केव्हा, एवढेच त्याच्या पंचांगात नव्हते.

“उद्या नवरा कुठे असेल?”

“टोळीच्या म्होरं, शिव्या घालत.” सारजा थांबली. “दुपारी निम्मा ऊस पडंल, निम्मा उभा ऱ्हाईल. टोळीत बायाबी असत्यात. समद्यांदेखत न्हाय मारायचा... का मारंल?”

पद्माने कागदावर वस्ती, ऊस आणि फाटा काढला.

“दुपारीच निगते,” सारजा शेवटी म्हणाली. “पोरगी शाळंत आसंल. तिला तितनंच घिऊ.”

हे बरोबर की चूक, पद्माला अखेरपर्यंत कळले नाही. फाट्यावर पोलिसांची जीप उभी राहील, तेवढे तिने पक्के केले.

दुसऱ्या दिवशी ती जीपपाशी उभी होती. उसापलीकडून विजयसिंहाचा आवाज येत होता. टोळीच्या मुकादमाचा उद्धार चालला होता. उभ्या उसाची पाने हलली आणि सारजा बाहेर आली. अनवाणी, गालावर उसाच्या पात्यांचे ओरखडे.

“बसा, लवकर!”

सारजा बसेना. दाराशी उभी राहून ती लुगड्यात अडकलेले पाचट एकेक काडी करून काढत होती.

“अहो, बसा ना!”

“थांबा की,” ती म्हणाली. “लोकाची गाडी हाय. घाण कशाला करायची?”