वीस जागांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्या झाकणाला हात जाईल एवढं गोल भोक आहे आणि पुढच्या बाजूला काच आहे. सध्या मी एका प्रशिक्षण केंद्राच्या सामानाच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमागे पडून असते.

माझा जन्म याच प्रशिक्षण केंद्रात झाला. इथे पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप दुरुस्त करायला शिकवत. शिकून बाहेर पडलं की काम हमखास मिळे. जागा मात्र वीसच, आणि अर्ज दोन-अडीचशे. पूर्वी ज्याची ओळख, त्याची जागा. मग नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी सुतारकामाच्या मास्तरांना सांगितलं, "एक पेटी करा. तिला काच लावा. काय चाललंय ते सगळ्यांना दिसू दे." मास्तरांनी उरलेल्या फळ्यांतून मला घडवलं आणि कुणाच्या हातात लाकडाचं कुसळ घुसू नये म्हणून माझ्या कडा दोन दिवस घासल्या.

वर्षातला एकच दिवस माझा असे. अंगण माणसांनी भरून जाई. अर्ज केलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या माझ्यात टाकत आणि सगळ्यांसमोर त्यातल्या वीस काढत. ज्यांचं नाव निघे, ते फॉर्म भरायला धावत. त्यांनी माझ्याकडे कधी वळून पाहिलं नाही. ज्यांचं नाव राहून जाई, ते मात्र माझ्यासमोर रेंगाळत. त्यांचा पाय निघत नसे. मग पुन्हा वर्षभर मी कपाटावर एकटी.

त्या गर्दीत एक इस्त्रीवाली दर वर्षी येई. तिच्या तळहाताला घट्टे पडले होते. चौथ्या वर्षी विसावी चिठ्ठीही दुसऱ्याची निघाली. वयाची अट पस्तीस होती, म्हणजे तिची ती शेवटची खेप. अंगण रिकामं झाल्यावर ती बाईंच्या टेबलाशी आली.

"बाई, पेटीत लबाडी नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण मी चार वर्षं येतेय, हे तिला कुठं ठाऊक? तिच्या लेखी मी आजच आले."

बाईंनी तिला बसायला सांगितलं. "तुमचं खरं आहे. पण वयाची अट मला मोडता येणार नाही."

"माझ्यासाठी मोडा म्हणत नाही. मागून येणाऱ्यांचं तरी बघा."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या सचोटीची लाज वाटली.

पुढच्या वर्षी नवा नियम झाला. जो जितक्या वेळा रिकाम्या हाती परत गेला, त्याच्या तितक्या जास्त चिठ्ठ्या माझ्यात पडू लागल्या. त्या वर्षी चिठ्ठ्या काढायच्या दिवशी इस्त्रीवाली दाराशी उभी होती.

"तुम्ही कशा काय आज?" बाईंनी विचारलं.

"नियम चालतो का, ते बघायला आले."

तीनदा परत गेलेल्या एका शिंपिणीचं नाव चौदावं निघालं. इस्त्रीवालीने ते नीट ऐकलं, कपड्यांचं गाठोडं उचललं आणि ती कामावर गेली. पुन्हा ती दिसली नाही.

नंतर बाई निवृत्त झाल्या. आता नावं संगणक काढतो आणि यादी भिंतीवर लागते. तो माझ्यापेक्षा हुशार आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण यादी बघून लोक गुपचूप निघून जातात, त्यांना कोणी काही विचारत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती अशा मोजक्या जागा आल्या, तर निवड चारचौघांसमोर करा. आणि ज्याला परत पाठवाल, त्याला आधी बसायला सांगा, तो कितव्यांदा आलाय ते विचारा, आणि लिहून ठेवा.