मेघाचा एकच प्रश्न

करडीचे पाहुणे मेघाला पाहायला अड्याळला आले, त्याआधी उषाबाईंनी लेकीला दोनच गोष्टी बजावल्या: पदर सांभाळ आणि आतड्याचं नाव काढू नको. पदर मेघाला जमला. आतडं मात्र कुणाचंच ऐकणारं नव्हतं. कॉलेजात असतानाच त्याला सूज आली, डॉक्टरांनी कोलायटिस असं नाव ठेवलं आणि गोळ्या कायमच्या मागे लावल्या. तेव्हापासून मेघा कुठेही गेली की आधी संडासाचं दार हेरायची, मग माणसांची तोंडं बघायची.

तर्री-पोहे झाले. नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झालं. मुलगा कुलदीप गप्पच होता, पण हसला की डोळ्यांनीही हसायचा. मेघाला तो आवडला, आणि तिथेच पंचाईत झाली. आवडला नसता, तर लपवणं सोपं गेलं असतं.

"तुले काही विचाराचं असन त विचार, बाई," मुलाचे वडील तेजराम म्हणाले.

"तुमच्या घरी संडास कुठं हाये?"

उषाबाईंनी लेकीवर डोळे वटारले. तेजरामांना मात्र प्रश्न फार पसंत पडला. पोरगी सुधारलेली दिसते, असं त्यांना वाटलं.

"घराले लागूनच. टाइल्सवाला बांधला," ते ऐटीत म्हणाले.

"वापरता ना?"

आता कुठे कुलदीपने तोंड उघडलं. "त्यात बाबानं धान भरलेले कट्टे, पोतेच पोते ठेवले हायेत. आमी वावरात जातो."

तेजराम खाली मान घालून संपलेले पोहे पुन्हा खाऊ लागले.

मेघा आता थांबणार नव्हती. "मले आतड्याची बिमारी हाये. दुसऱ्याले लागत नाही, पन जातबी नाही. गोळ्यांनं आवाक्यात राहते. उफाळली त घडीघडी जावं लागते. तवा कट्टे हटवाले येळ नसते मायापाशी."

पाहुणे चहा न घेताच उठले. उषाबाईंनी लेकीशी अबोला धरला, त्या फक्त भांड्यांशी बोलत होत्या. खरं बोलल्याचा अभिमान बाळगायचा मेघाने प्रयत्न केला, पण रडू आलंच.

आठवड्याने फोनवर कुलदीपचा फोटो आला. म्हणजे त्याचा नव्हे, संडासाचा. घासलेल्या टाइल्स, नवी बादली, नवा बल्ब, दाराला आतून कडी. खाली लिहिलं होतं: 'कट्टे बाबाच्या खाटेखाली गेले. बाबा विचारते, तुमी कधी येता.'

मेघाने फोन आईपुढे धरला. उषाबाईंनी चष्मा लावून फोटो मोठा करून, कोपरान् कोपरा पाहिला. मग अबोला मोडला.

"कडी मजबूत दिसते," त्या म्हणाल्या.