बेकरीवाल्या काकांचं नाक

मित्रांनो, मोक्षाच्या वाटेवर सगळ्यात आधी मी भेटतो. पुढची वाट नाकातून जाते.

मी जलनेतीचा एक जुना पितळी लोटा आहे. पोट गोल, तोटी लांब आणि निमुळती. माझ्यात मिठाचं कोमट पाणी भरतात, मान तिरकी करतात आणि तोटी एका नाकपुडीला लावतात. तोंडाने श्वास घेत राहिलं, की पाणी दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येतं. ही युक्ती ज्याला प्रथम सुचली, त्याच्यापुढे मी आजही वाकतो. तसा मी सगळ्यांपुढेच वाकतो; त्याशिवाय पाणी पडत नाही.

तांबटाच्या दुकानात लोक मला किटली समजत आणि झाकण शोधत. मग योगवर्गाच्या बाईंनी मला घरी नेलं. लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये त्यांचा वर्ग भरे. आधी नाक, मग श्वास, मग मन, असा त्यांचा क्रम. सकाळी भांडायच्या तयारीने आलेली माणसं नेती आणि प्राणायामानंतर एकमेकांच्या चपला सरळ लावताना मी पाहिली आहेत. बाई मला दर वेळी उकळत्या पाण्याने धूत. ते माझे सुखाचे दिवस.

त्याच सुमारास समोरचे बेकरीवाले काका आले. वर्षानुवर्षं मैदा उडून त्यांचं नाक बंद झालं होतं. पाव करपला तरी कळत नसे. म्हणून त्यांची मुलगी भट्टीपाशी उभी राही आणि वास आला की म्हणे, "बाबा, काढा." आता तिला परगावी नर्सिंगला प्रवेश मिळाला होता.

"जा की. मी कुठे नको म्हणतोय?" असं काका म्हणत. त्याच दिवशी एखादा ट्रे करपे.

शेवटी तिनेच त्यांना वर्गात आणून बसवलं. काकांना मात्र एकदम कुंडलिनी जागृत करायची होती.

"बाई, मी आत्मज्ञानासाठी आलोय. नाकाचं खूळ हिचं."

"आत्मा आतच आहे, काका. दार तुंबलंय."

काकांनी माझ्याकडे इंजेक्शनकडे बघावं तसं बघितलं. पहिल्या दिवशी पाणी सोडल्यावर त्यांनी नेमका नाकानेच श्वास घेतला. पुढचं वर्णन मुलांसमोर नको.

"बाबा, लोट्यावर कशाला डोळे वटारताय? सदरा तुम्हीच भिजवलाय," मुलगी म्हणाली.

तरी ते रोज येत राहिले. नेती, कपालभाती, मग डोळे मिटून बसणं. नाक हूं की चूं करीत नव्हतं.

मुलीच्या जाण्याच्या आदल्या सकाळी ती भट्टी कारागिरावर सोपवून वर्गात आली. बाईंच्या कानाशी लागून म्हणाली, "मी नाही जात. यांचं कसं होणार?" सगळे ध्यानात होते. मी खिडकीत वाळत होतो.

"करपतंय," काका म्हणाले. डोळे मिटलेलेच.

"विचार येतात, काका. येऊ द्या, जाऊ द्या."

"विचार नाही हो, पाव. खालून."

मुलीने खिडकीतून वाकून वास घेतला. तिला कसलाच वास आला नाही. काका तोवर अनवाणी जिना उतरले होते.

थोड्या वेळाने ते रस्त्यात दिसले. हातात एक पाव, वरून सोनेरी, खालून काळा. तो नाकाशी धरून ते नुसते उभे होते. मुलगी धावत पोचली.

"बॅग भर," ते म्हणाले.

"अहो, पण बाबा..."

"भर म्हटलं ना."

ती गेली. बाईंनी मला काकांना कौतुकाने भेट दिलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, श्वासाची कदर करा. नेती जाणत्या माणसाकडून शिका, पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या आणि नंतर लोटा धुऊन कोरडा ठेवा. मीठ पितळाला खातं.

काका अजूनही रोज नेती करतात. मुलगी सुट्टीत आली की विचारते, "काय बाबा, कुंडलिनी?"

"झोपलीय अजून," ते म्हणतात.

नेतीसाठी त्यांनी आता प्लास्टिकचा लोटा घेतला आहे. माझ्यात पावाच्या साच्यांना लावायचं तेल असतं.