इडविनने निवडलेला चेहरा

वेल्समधल्या आमच्या छोट्या गावात एका घरात पाच जण राहतात. वयाने मोठे, पण समजायला, बोलायला वेळ लागणारे. अकरा वर्षं मी त्यांची देखभाल करते. ती कशी वाटते, हे दरवर्षी त्यांनाच विचारायचं असतं. वाचता येत नाही, म्हणून दोन चित्रं: हसरा चेहरा आणि रडका चेहरा. गेली चार वर्षं सगळ्यांचं बोट हसऱ्यावरच. मी ते कागद कौतुकाने भिंतीवर लावायचे.

यंदा विचारायला ग्लेनिस आली. ती स्वतः अशाच घरात वाढलेली.

"तू बाहेर थांब, मार्गेड," ती मला म्हणाली.

"राहू दे तिला," पाचांतला इडविन घाईने म्हणाला. "नाहीतर चिडेल."

पन्नाशीच्या इडविनने लगेच हसरा चेहरा उचलला.

"आणि रडका उचलला तर काय होतं रे?" ग्लेनिसने विचारलं.

त्याने चोरून माझ्याकडे पाहिलं. "घालवून देतात."

"कुणाला घालवलं?"

"सिरिलला. त्याने रडका उचलला. सकाळी खोली रिकामी."

पूर्वी याच घरात राहणारा सिरिल बहिणीजवळ राहायला स्वान्सीला गेला होता, स्वतःच्या मर्जीने. महिनाभर आम्ही फोन केले, अर्ज भरले, सामान बांधलं. या पाच जणांना सांगायचं मात्र कुणाला सुचलंच नाही. चार वर्षं ही माणसं भीतीने हसत होती!

शनिवारी सगळ्यांना गाडीत घालून मी स्वान्सीला नेलं. दार सिरिलनेच उघडलं. इडविनने त्याचे खांदे, गाल चाचपून पाहिले.

"अरे, तू आहेस?"

"मग कुठे जाणार? पाय पुसून आत या, ताई ओरडेल."

मंगळवारी ग्लेनिस पुन्हा आली. या वेळी मी आपणहून बाहेर थांबले. थोड्या वेळाने इडविनने मला हाक मारली. त्याच्या हातात रडका चेहरा होता.

"तू दार न वाजवता खोलीत येतेस. मी कपडे बदलत असतो. मला लाज वाटते."

अकरा वर्षं!

"चुकलं माझं, इडविन," मी म्हणाले. "यापुढे वाजवीन."

"आणि तू 'ये' म्हणेपर्यंत थांबेल ती," ग्लेनिस म्हणाली. "अजून काही?"

"आहे ना." त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बस. वेळ लागेल."